पैसे जानेवारीत द्या

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, भर दुपारी, मी दोन वर्षांच्या लेकीला पोटाशी धरून गावच्या किराणा दुकानात कुत्र्यांच्या खाण्याच्या पोत्यांमागे उकिडवी बसले होते. आमच्याकडे कुत्रा नाही. लपले होते एनो कांगास यांच्यापासून. एनो अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, गुडघ्यांनी अधू, आणि त्यांच्या हातात शस्त्र म्हणाल तर एक चेक होता. चोवीसशे डॉलरचा. माझ्या नवऱ्याच्या नावाचा.

ज्याचे पैसे द्यायचे तो दिसला की बोळात शिरणारी माणसं जगात पुष्कळ असतील. ज्याच्याकडून घ्यायचे तो दिसला की पळणारी मी एकटीच, असं मला तेव्हा वाटत होतं. तसंही नव्हतं, हे नंतर कळलं.

माझा नवरा रायनो सौनाच्या भट्ट्या बनवतो. सौना म्हणजे अंगणातली लाकडी वाफखोली. मिशिगनच्या आमच्या या वरच्या टोकाला, जिथे नोव्हेंबरात पडलेला बर्फ एप्रिलपर्यंत हलत नाही, तिथे घरात एकवेळ सोफा नसेल पण अंगणात सौना असते. रायनो गॅरेजमध्ये लोखंड जोडतो आणि मी स्वयंपाकघराच्या टेबलावर कागद जोडते. दोघांनाही नोकरी नाही, म्हणून दोघांनाही साहेब नाही, म्हणून कुणी आमचा आरोग्यविमा काढत नाही. तो आपला आपण घ्यायचा. त्यात सरकार वाटा उचलतं, पण एका रेघेपर्यंत. वर्षाचं उत्पन्न रेघेच्या आत राहिलं तर वाटा तुमचा. रेघेवर एक डॉलर गेला तर वर्षभर मिळालेला वाटा परत करायचा. एका डॉलरपुरता नाही. सगळा.

रेघ नेमकी किती ते सांगत नाही. सांगितलं तर तुम्ही म्हणाल, एवढं मिळवता आणि वर रडता? आणि मग मला पत्र्याचा भाव सांगत बसावं लागेल.

एक डिसेंबरला माझी लेक लिनिया दुपारची झोपली तेव्हा मी बेरीज मारली. रेघ आमच्यापासून नऊशे डॉलरवर होती. ओलांडली तर सात हजार परत. बँकेत होते चार हजार आठशे, आणि ते लिनियाच्या कानांचे होते.

कानांचं असं झालं. सौनातल्या तापल्या दगडांवर ओगराळंभर पाणी टाकलं की असा फुत्कार उठतो की पहिल्यांदा ऐकणारा माणूस बाकावरून उडतो. त्या सप्टेंबरात रायनोने पाणी टाकलं, लिनियाची पाठ भट्टीकडे होती, आणि ती खिडकीवरचे थेंब बोटाने एकमेकांना जोडत बसली. मान वळली नाही. रायनोने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा टाकलं. ती थेंबच जोडत होती. डॉक्टर म्हणाले, पडद्यामागे पाणी साठलंय, तांदळाच्या दाण्याएवढ्या नळ्या बसवायच्या, छोटंसं ऑपरेशन, फेब्रुवारीत करू. विमा असला तरी पहिले काही हजार आपले आपण भरायचे असतात. ते हे चार हजार आठशे. ते सरकारला गेले की नळ्या पुढच्या वर्षावर. आणि दोन वर्षांचं मूल जे वर्ष न ऐकता घालवतं, ते त्याच्या बोलण्यातून जातं.

तेव्हा ठरलं. डिसेंबरात येणारा पैसा जानेवारीत घ्यायचा. पैसे नको म्हणायला कितीसं कौशल्य लागतं?

इथे आमच्या गावाबद्दल दोन गोष्टी सांगायला हव्यात. एक, नाताळच्या आदल्या संध्याकाळी घरोघर सौना तापते, आणि त्या वाफेत कुणाचं काही देणं घेऊन बसायचं नाही असा जुन्या लोकांचा नेम आहे. आधी भांडण मिटवायचं, मग पैसे फेडायचे, मग कपडे काढायचे. दुसरी, आमच्याकडे विचारलं तेवढंच सांगतात. परगावच्या एका माणसाने एनोंना एकदा विचारलं, "तळ्याकडे हाच रस्ता जातो का?" एनो म्हणाले, "जातो." मधला पूल वाहून गेलाय हे त्याने विचारलं नव्हतं.

एनोंची भट्टी पाच तारखेला बसवली. रायनो आणि त्याचा मदतनीस नळकांड्याशी झटत होते. एनोंनी खिशातून चेकबुक काढलं.

"किती?"

"चोवीसशे. पण एनो, घाई काय आहे? जानेवारीत द्या ना."

एनोंनी चेकबुक मिटलं नाही. "का?"

"असंच."

"माझी तब्येत बरी आहे."

"दिसतेच आहे की!"

"मग जानेवारीची वाट कशाला बघतेस?"

खरं कारण सांगितलं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती. पण आम्ही सरकारचा वाटा घेतो हे एनोंना सांगायचं? चाळीस वर्षं स्वतःच्या ट्रकमधून लाकडं वाहिली, कुणाची काडी फुकट घेतली नाही, असा माणूस. मी म्हटलं, "सणाचा खर्च असतो. तुम्हालाही ओढाताण असेल."

एनोंचं चेकबुक खिशात गेलं आणि ते लाकडं फोडायला बाहेर गेले. घरात फोडलेली लाकडं छतापर्यंत रचलेली होती.

शेजारच्या मुम्मूला हे त्याच संध्याकाळी कळलं. मुम्मू म्हणजे आजी. ती माझी कुणी नाही, पण शाळेच्या स्वयंपाकघरात तिने अख्ख्या गावाला तीस वर्षं जेवू घातलंय, म्हणून सगळ्या गावाची मुम्मू. मी तिला सगळं सांगितलं, रेघेसकट. मुम्मूपासून काही लपत नाही, आणि ती लिनियाला मांडीवर घेऊन दुधात बुडवलेली बिस्किटं भरवत होती, अशा बाईशी खोटं कसं बोलणार?

"अगं वेडे, पैसे नको तर वस्तू घे," मुम्मू म्हणाली. "माझ्या आईच्या वेळी डॉक्टरसुद्धा कोंबडी घ्यायचा. कोंबडीवर कसली आलीये रेघ?"

मला हे इतकं पटलं की दुसऱ्याच दिवशी मी लॅरीच्या दुकानात गेले. लॅरी पॅस्टी विकतो. हाताच्या पंजाएवढी मांस-बटाट्याची करंजी, खाणीतल्या कामगारांनी खिशातून न्यायची ती. त्याची भट्टी रायनोने दुरुस्त केली होती.

"पैशांऐवजी पॅस्ट्या दे," मी म्हटलं.

लॅरीचा चेहरा उजळला. "किती?"

"जेवढ्या होतील तेवढ्या."

ऐंशी झाल्या. सलगम घातलेल्या चाळीस आणि न घातलेल्या चाळीस. आमचा फ्रीझर भरला, मुम्मूचा भरला, उरलेल्या गॅरेजमध्ये रायनोच्या पत्र्यांवर गोठायला ठेवल्या. तिसऱ्या दिवशी रायनो म्हणाला, "कायसा, मी आज वेल्डिंग करताना एक पॅस्टी भाजली." थोड्या वेळाने म्हणाला, "वाईट नव्हती."

तिकडे गावात वेगळंच शिजत होतं. मुम्मूने रेघेचं कुणाला सांगितलं नाही. शब्दाची पक्की आहे. पण एनोंनी चेकबुक परत खिशात घातलेलं रायनोच्या मदतनिसाने पाहिलं होतं, आणि कायसाने एनोला जानेवारीपर्यंत मुदत दिली याचा गावाने एकच अर्थ लावला. एनो बुडाला. रविवारी चर्चमधल्या बायका हळूच कुजबुजल्या आणि सोमवारी एनोंच्या ओट्यावर झाकण घातलेली अकरा भांडी होती. नूडल्स, बटाटे, आणखी नूडल्स. एका भांड्यावर चिठ्ठी: "लाज वाटून घेऊ नका. सगळ्यांवर वेळ येते."

मंगळवारी एनो चेक घेऊन गावभर मला शोधू लागले. आता कळलं ना मी पोत्यांमागे का होते?

"कायसा!" दुधाच्या कपाटापाशी उभे राहून त्यांनी चेक निशाणासारखा हलवला. "मला दिसतेयस तू!"

लिनिया मजेत होती. तिला वाटलं आम्ही खेळतोय. तिने पोत्याच्या वरून डोकं काढलं आणि एनोंना हात हलवला. मी तिला खाली ओढलं आणि मागच्या दाराने, मोकळ्या खोक्यांतून, बाहेर पडले. दुकानाचा मालक दार उघडून देत म्हणाला, "अजून काही हवंय?" त्याने बाकी काही विचारलं नाही. आमच्या गावाचा हा एक मोठा गुण.

बर्निसबाई, आडनाव पेल्टोला, गावाचे कर भरून देतात. त्यांचं दुकान दोन भागांचं आहे: पुढे कर, मागे मासेमारीचं सामान. टेबलावर तुमचे कागद असतात आणि पाठीमागच्या टाकीत गळाला लावायचे बारके मासे भिरभिरत असतात. हिशेब बिघडला की मी त्या माशांकडे बघते. त्यांच्याही पुढ्यात काय वाढून ठेवलंय ते त्यांना ठाऊक नसतं.

"मला एक सांगा," मी कोट न काढताच म्हटलं. "पैशाऐवजी पॅस्ट्या घेतल्या तर ते उत्पन्न होतं का?"

"होतं."

"पॅस्टी?"

"बाजारभावाने. लॅरी कितीला विकतो?"

"आठ डॉलरला."

"किती घेतल्यास?"

"ऐंशी."

"सहाशे चाळीस." पेन्सिल कानावर परत गेली.

"आणि त्यातली एक माझ्या नवऱ्याने जाळली असेल तर?"

बर्निसबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. मी तो मुद्दा सोडला. खरं सांगते, मला भीतीपेक्षा कुतूहलच जास्त वाटत होतं. मग मुम्मूने लिनियाला सांभाळलं तर? मी मुम्मूच्या पायऱ्यांवरचा बर्फ काढला तर? माणसाने माणसाचं केलेलं नेमकं कुठपर्यंत प्रेम असतं आणि कुठून उत्पन्न सुरू होतं? पण विचारलं फक्त हे: "चेक घेतलाच नाही, तर ते उत्पन्न नाही ना?"

"दिला होता का?"

"दाखवला होता. किराणा दुकानात."

"किती लांबून?"

"मी कुत्र्यांच्या खाण्यापाशी, ते दुधापाशी."

"घ्यायचा असता तर घेता आला असता?"

"हो. पण मी पळाले."

"पळण्याला सूट नाही," बर्निसबाई म्हणाल्या. "काम झालं, चेक समोर आला, तो तुझा. आता तू जंगलात जाऊन राहिलीस तरी या वर्षातच धरणार." त्यांनी कागदावर एक आकडा लिहिला आणि माझ्याकडे सरकवला. दोन हजार एकशे चाळीस. रेघेच्या एवढ्या वर.

मी माशांकडे पाहत राहिले. "बरं," म्हणाले, आणि निघाले.

घरी रायनोने तोडगा काढला. "खर्च करू. धंद्याचा खर्च उत्पन्नातून वजा होतो. नवं वेल्डिंगचं यंत्र घेऊ." त्याच्या डोळ्यांत जी चमक आली ती लग्नाच्या दिवशीही आली नव्हती.

"कितीला आहे?"

"एकवीसशे नव्वद," तो म्हणाला. इतक्या चटकन, की मला कळलं हे यंत्र या घरात पुष्कळ दिवसांपासून मनाने राहतंय.

"जुनं चालत नाही?"

"चालतं," तो म्हणाला. मग थोडा वेळ लिनियाकडे पाहिलं. ती पॅस्टीतला सलगम वेचून टेबलाखाली टाकत होती. "चालतं," तो पुन्हा म्हणाला, आणि विषय मिटला. माझ्या नवऱ्याचं हेच वाईट आहे. रागवायला जागा ठेवत नाही.

मग मी विमा-सवलतीच्या हेल्पलाइनला फोन केला. बेचाळीस मिनिटं सनई वाजल्यागत काहीतरी वाजलं. नंतर एक गोड मुलगी आली, कुठल्यातरी उन्हाच्या गावची, कारण मागे तिच्याकडे पंखा घरघरत होता.

"तुमचं उत्पन्न वाढलंय का, मॅडम?"

"वाढेलसं वाटतंय. पण मी ते घेतलेलं नाही."

"न घेतल्याचा पुरावा आहे?"

"न घेतल्याचा पुरावा कसा असेल? ते माझ्याकडे नाही, हाच पुरावा."

"तसं पत्र लागेल, मॅडम. ज्यांनी पैसे दिले नाहीत त्यांच्या सहीचं."

म्हणजे एनो कांगास यांच्याकडे जायचं, आणि त्यांनी पैसे दिलेले नाहीत असं त्यांच्याकडून लिहून घ्यायचं. गावातल्या अकरा भांड्यांनंतर! मी फोन ठेवला आणि भांडी घासायला घेतली. घासलेलीच भांडी.

तेवीस तारखेच्या सकाळी दारावर थाप पडली. एनो. दाढी केलेली, चर्चचा कोट घातलेला. या वेळी पळायला जागा नव्हती. मागच्या दाराशी बर्फ कमरेइतका होता. लिनिया धावत गेली आणि त्यांच्या पायाला बिलगली. एनो आत आले नाहीत. उंबऱ्यावरूनच म्हणाले, "कायसा, मी तुझं काय बिघडवलं?"

"तुम्ही? काहीच नाही."

"अकरा भांड्यांतले नूडल्स मी कुठे ठेवू ते सांग. लोक माझ्याशी हळू आवाजात बोलतात. काल पोस्टातल्या बाईने माझं तिकीट स्वतःच्या पैशाने लावलं." त्यांनी कोटाच्या खिशातून चेक काढला. "उद्या सौना तापवायची आहे. त्या भट्टीचे पैसे दिले नाहीत. मी तिच्यासमोर बसू कसा?"

मग माझ्याच्याने राहवेना. मी रडत नव्हते, निदान तसं ठरवलं होतं. पण रेघ, सवलत, सात हजार, कान, पॅस्ट्या, सगळं एका दमात सांगून टाकलं. सरकारकडून घेतो हेही. सांगताना जमिनीकडे बघत होते, म्हणून एनोंचा चेहरा दिसला नाही. फक्त त्यांच्या बुटांवरचा बर्फ वितळून माझ्या चटईवर येताना दिसला.

"बर्निसला विचारलंस?" एनो म्हणाले.

"विचारलं."

"काय विचारलंस?"

"कशाकशाला उत्पन्न धरतात ते."

"आणि वजा काय होतं ते?"

ते मी विचारलंच नव्हतं.

"ट्रक होता तेव्हा मी दर डिसेंबरात विचारायचो," एनो म्हणाले. "ती विचारलं तेवढंच सांगते." आणि चेक लिनियाच्या मुठीत ठेवून निघून गेले. पैसे फेडून झाले होते. फाटकाजवळ थांबून, मागे न वळता म्हणाले, "घेण्यात कसली लाज. मीसुद्धा घ्यायचो."

मी लिनियाला ढकलगाडीत घातलं आणि बर्फातून बर्निसबाईंकडे गेले. दारातूनच ओरडले, "वजा काय काय होतं?"

बर्निसबाईंनी पेन्सिल खाली ठेवली. चष्मा पुसला. आणि ही बाई, जिने मला आयुष्यात कधी सलग एक मिनिट दिलं नव्हतं, ती चाळीस मिनिटं बोलली. टाकीतले मासेसुद्धा एका बाजूला जमल्यासारखे मला वाटले. म्हातारपणासाठी वेगळं खातं उघडता येतं. त्यात टाकलेले पैसे या वर्षाच्या उत्पन्नातून वजा धरता येतात. तेही पुढच्या एप्रिलपर्यंत टाकले तरी चालतात. बावीसशे टाक, रेघेच्या साठ डॉलर खाली येशील.

"एप्रिलपर्यंत?" मी म्हटलं. "म्हणजे मला पळायची गरजच नव्हती?"

"नव्हती."

"मग परवा का नाही सांगितलंत?"

"तू विचारलंस का?" बर्निसबाई म्हणाल्या. त्यांना खरंच नवल वाटलेलं दिसलं. "अर्धं गाव डिसेंबरात याच रेघेसाठी येतं. बाकीच्यांनी विचारलं."

अर्धं गाव! मी ज्यांच्यापासून तोंड लपवत होते त्यांतलं निम्मं गाव याच खुर्चीवर, याच माशांकडे बघत बसून गेलं होतं. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी कुणाला विचारलं नव्हतं.

चोवीसशेतले बावीसशे माझ्या आणि रायनोच्या म्हातारपणात गेले. उरलेल्या दोनशेंमधले काही मी चर्चच्या बायकांना गोड पावांसाठी दिले आणि भर रविवारी चर्चमध्ये उभी राहून सांगितलं की एनो बुडालेले नाहीत, बुडता बुडता मी वाचले. मुम्मू पहिल्या बाकावरून मोठ्याने म्हणाली, "एनो, आता बायकांची भांडी परत करा, घासून!" चार हजार आठशे जिथे होते तिथेच राहिले, आणि फेब्रुवारीत जिथे जायचे तिथे गेले. ऑपरेशनला बारा मिनिटं लागली. ती बारा मिनिटं कशी होती ते मी लिहिणार नाही.

महिनाभराने, अंघोळीत कानांत पाणी जाऊ नये म्हणून मेणाचे बोळे कसे घालायचे ते दाखवून, डॉक्टरांनी सौनात बसायला हरकत नाही म्हटलं, वाफेत बोळे नसले तरी चालेल. एनोंनी आम्हाला शनिवारच्या सौनाला बोलावलं. रायनोची भट्टी कोपऱ्यात लाल होत होती. लिनियाला खालच्या बाकावर बसवलं, तिथे कोमटच असतं. तिची पाठ भट्टीकडे होती आणि ती खिडकीवरचे थेंब बोटाने जोडत होती. मी रायनोचा हात धरला. बोळे मी मुद्दाम काढून ठेवले होते.

एनोंनी ओगराळं भरलं आणि दगडांवर ओतलं.

लिनियाचं बोट काचेवर थांबलं. मान वळली. वाफ वर चढत होती आणि ती तोंड उघडं टाकून दगडांकडे बघत होती.

"कोण आहे?" ती म्हणाली.

रायनो भिंतीकडे तोंड करून बसला होता, त्याचे खांदे हलत होते. एनोंनी, कुणी न विचारता, दुसरं ओगराळं भरलं. मग तिसरं. मग आमची माणसं सहन करतात त्याहून कितीतरी जास्त, इतकं की आम्हाला एकमेकांचे चेहरे दिसेनात आणि फक्त तिचं हसणं ऐकू येत होतं.

या संध्याकाळचं बाजारभावाने मोल किती धरायचं, ते बर्निसबाईंना सांगता आलं असतं. आमच्याकडे विचारलं तेवढंच सांगतात. मी विचारलं नाही.